वासाचा रकाना

१

रोज सकाळी सात चाळीसला मी डाव्या मनगटावर सेंटचा एक फवारा मारतो आणि वहीत वेळ लिहितो. दोन वर्षांत झालेले खाडे बोटांवर मोजता येतील. मी या विषयातला माणूस नव्हे. माझं काम वजनकाट्यांचं. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले काटे तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे आणि शून्यावर आणून परत द्यायचे. नाक होतं ते बायकोचं.

ती साबणाच्या कारखान्यात एकवीस वर्षं वास तपासण्याच्या कामावर होती. तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय तिथून एक वडी बाहेर पडत नसे. मग तिला एक ताप आला, नऊ दिवस राहिला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत परत आलं तर आलं. सहा महिने गेले. कारखान्याने तिला निरोप दिला. घरी ती साबणाची वडी हातात घेऊन बसायची आणि नुसतीच उलटीसुलटी करून बघायची.

एकदा म्हणाली, "अहो, मला नुसतं सांगा तरी. कसला वास येतोय ते."

मी वडी हुंगली आणि म्हणालो, "चांगला येतोय."

ती कित्येक दिवसांनी हसली. "चांगला! डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तर 'होतंय' म्हणून सांगाल तुम्ही."

मग तिनेच मला शिकवलं. कुठल्याही सेंटचे तीन मजले असतात. तिच्या भाषेत फळ, फूल आणि तळ. मारल्या मारल्या नाकात शिरतं ते फळ, ते जेमतेम वीस मिनिटं टिकतं. मग फूल उमलतं. सगळ्यात शेवटी तळ, तो कातडीला धरून बसतो. "आणि कागदावर मारून मला फसवू नका," असंही तिने बजावलं. "कागदावर, कापडावर सगळं रखडतं. फळ तासन्‌तास फळच राहतं. वीस मिनिटांत फूल व्हायला अंग लागतं. जिवंत, ऊबदार अंग."

म्हणून मनगट, आणि म्हणून वही. वहीत मी पट्टीने रेघा मारून सहा रकाने पाडले: तारीख, वेळ, फळ, फूल, तळ आणि शेवटचा 'वास'. या शेवटच्या रकान्यात सेंट एकूण किती तास राहिलं ते लिहायचं. संध्याकाळी सहाला मी घरी आलो की ती चष्मा लावून वही वाचायला बसते. एक ओळ वाचते, डोळे मिटते, मग पुढची ओळ. त्या वेळी मी बोलत नाही.

२

वहीतलं त्रेसष्टावं सेंट मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. चौकोनी बाटली, गुलाबी टोपण. कुठल्याही दुकानात मिळेल असं, पोरीबाळी वापरतात तसं.

दुकानवालीने विचारलं, "मुलीसाठी का?"

"बायकोसाठी."

"हो का? मग बायको बरीच लहान दिसते."

हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "त्या बाईला एकदा माझे गुडघे दाखवून आणा."

पहिल्या दिवशीची नोंद अशी आहे:

'वेळ ७.४०. फळ: पेअर, पिकलेला पीच, मागे साखर. गोड, पण पाणीदार गोड. वीस मिनिटं. फूल: ८.०० वाजता गुलाब, त्याच्या मागून एक पांढरं फूल, नाव सांगता येत नाही. उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं. अकरापर्यंत. तळ: व्हॅनिला, दुधाळ. मनगट शर्टाला घासलं की पुन्हा वर येतो. वास: सहा तास.'

तिने डोळे मिटूनच विचारलं, "पेअर कच्चा की पिकलेला?"

"नुकता कापलेला. सुरीवर पाणी सुटतं ना, तो."

तिने ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "हे थोडे दिवस चालू ठेवा. दिसतंय मला."

३

अकराव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सहाला घरी आलो. मनगटावर काही उरलं नव्हतं. दार उघडून चपला काढायला वाकलो आणि पेअर आला.

तळ नव्हे, फूल नव्हे. कापलेला पेअर, पाण्यासकट.

मी वाकलेलाच राहिलो. फळ वीस मिनिटं टिकतं, हे मी अकरा दिवस अकरा वेळा लिहिलं होतं. म्हणजे पाच चाळीसनंतर कुणीतरी फवारा मारला होता. बायको स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, हात कोपरापर्यंत ओले.

"सेंट लावून बघितलंस का?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

"मी? कशाला? आंधळ्याने दिवा लावायचा आणि वर वातही सारखी करायची, होय?"

मी तिच्या मागे उभं राहून श्वास घेतला. बटाट्याची माती आणि साबण, दुसरं काही नाही.

माझ्याकडे एक लहान काटा आहे, हजारांश ग्रॅमपर्यंत अचूक. सवयीने मी रोज बाटलीचं वजन करतो. एका फवाऱ्याला शंभर मिलिग्रॅम कमी होतं. त्या दिवशी दोनशे कमी भरलं. दुसऱ्या दिवशीही दोनशे. तिसऱ्या दिवशीही.

मी मनाशी एक उत्तर ठरवलं आणि ते मला पटलं. ती चोरून लावून बघत असणार. रोज, मी नसताना, आज तरी काही येतंय का म्हणून. मग लगेच धुऊन टाकत असणार. असं कुणी करत असेल तर त्याला पकडायचं नसतं. मी वहीत एका फवाऱ्याचीच नोंद करत राहिलो. खोटी नोंद करण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

४

मेहुणी येते तेव्हा जिन्यातूनच बोलत येते. आमच्यात तिला 'रेडिओ' म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे.

"ताई, अगं कोण आलंय घरात?" तिने दारातच विचारलं. "वऱ्हाड उतरलंय की काय कुणाचं? केवढं ते सेंट!"

रविवार होता, दुपारचे चार. बाटली माझ्या काटेदुरुस्तीच्या कारखान्यातल्या खणात कुलपात होती. मी ती शुक्रवारीच नेऊन ठेवली होती, बायकोला लाजवायचं नव्हतं म्हणून. त्या दोन दिवसांत मी मनगटावर काहीही लावलं नव्हतं.

"कुणी नाही आलेलं," बायको म्हणाली.

"मग तू लावलंयस." मेहुणीने तिच्या मानेपाशी नाक नेलं. "नाही गं. तुला आपल्या आईसारखा वास येतोय, धुतलेल्या पातळाचा. भावोजी?" मी मनगट पुढे केलं. "तुम्हीही नाही. मग हे येतंय कुठून?" ती बोलत बोलत आत गेली आणि आतून ओरडली, "या मागच्या खोलीतून येतंय! पडद्यावर सांडलंय का काही?"

मागची खोली म्हणजे इस्त्रीचं टेबल, दोन सुटकेसा आणि खिडकीजवळ एक हातांची लाकडी खुर्ची. तिथे कुणी बसत नाही. मेहुणी पडदा हुंगून परत आली. पडद्यावर काही नव्हतं.

मग तिला टेबलावर वही सापडली आणि सेंट मागे पडलं. तिला हसायला निमित्त लागतं. "भावोजी, हे काय? फळ, फूल, तळ, वास. 'वास: सहा तास.' हा भाडेकरूचा अर्ज आहे का? कुठून आले, किती दिवस वास, सोबत कोण?" ती बायकोकडे वळली. "ताई, यांच्या घरात सहा तासांचे पाहुणे येऊन राहतायत आणि तुला पत्ता नाही."

बायको हसली. मीही हसलो. वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे राहणं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. रकाना पाडताना माझ्या ते मनात आलं नव्हतं, एवढंच.

मी पाचच्या सुमाराला एकटा मागच्या खोलीत गेलो. पेअर संपला होता. खिडकी बंद होती, पडदा कोरा होता, आणि खोलीत गुलाब उमलला होता.

मी हातातलं घड्याळ पाहिलं. मग बायकोचं ते वाक्य आठवलं, वीस मिनिटांत फूल व्हायला अंग लागतं, आणि खोलीतून बाहेर आलो.

५

पुढच्या आठवड्यात मंगळवारी घरी आलो तर बायको ओट्याजवळ नव्हती. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून.

"अहो," ती न वळता म्हणाली, "पेअर."

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"पेअरच ना? सांगा ना. सुरीवर पाणी सुटलेला. तुम्ही म्हणाला होतात तसाच. मला कल्पना येतेय की वास येतोय?"

मी तिच्या खांद्यावरून श्वास घेतला. "वास येतोय," मी म्हणालो. "पेअरच आहे."

ती तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. एकवीस वर्षांच्या नोकरीचा निरोप आला तेव्हा ती रडली नव्हती. मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. आम्ही दोघं रिकाम्या खोलीकडे तोंड करून बसलो होतो, शेकोटीपुढे बसावं तसं. काही वेळाने तिने माझा हात दाबला. "आता गुलाब. आला बघा. आणि ते पांढरं, तुम्हाला नाव सांगता आलं नव्हतं ते. वेड्या, ती लिली आहे." तिने मला 'वेड्या' लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळं तपासलं. कॉफी, साबण, रॉकेल, जळका टोस्ट. काहीही येत नव्हतं. तिला फक्त हेच यायचं, आणि तेही फक्त त्या खोलीत. ती दुपारभर तिथे बसू लागली. स्वतःसाठी तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आत नेली आणि ती हातांच्या खुर्चीच्या समोर मांडली.

"त्याच खुर्चीत बस की," मी म्हणालो, "खिडकीजवळची चांगली आहे."

"नको," ती म्हणाली. "तिथे तो असतो."

"कोण?"

"वास हो. आणखी कोण?"

वास हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून तो. एवढंच, असं मी रात्रीच्या नोंदीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

६

माझ्या धंद्यात शंका आली की वजन करतात.

ज्याला अंग आहे त्याला वजन आहे. तिथे काही नसेल तर काटा तसं सांगेल, आणि मग मी पडद्याचं अस्तर, खिडकीची फट, खालच्या मजल्याच्या मोरीचं तोंड असल्या गोष्टींच्या मागे लागू शकेन. कारखान्यात एका दवाखान्याचा रुंद काटा दुरुस्तीला आला होता. चाकाच्या खुर्चीसकट रुग्णाचं वजन करायचं असतं तसला. शनिवारी सकाळी बायको बहिणीकडे गेली. तिने अकराला परत येते म्हणून सांगितलं होतं. मी साडेनऊला टेम्पोवाल्याकडून काटा वर चढवून घेतला.

"साहेब, घरात कोण जाडं झालंय एवढं?" टेम्पोवाल्याने विचारलं. त्याने जाताना नाक वर केलं. "वहिनी आहेत वाटतं आत." मी दार लावून घेतलं.

मागच्या खोलीत पेअर होता. मी खिडकीजवळची खुर्ची उचलून काट्यावर मधोमध ठेवली. काट्याला चार पाय असतात, ते फिरवून काटा समतल करावा लागतो. पाणसळीतला बुडबुडा गोलाच्या मध्यावर यावा लागतो. आमची फरशी वाकडी आहे. मी पालथा पडून एकेक पाय फिरवत होतो, माझं डोकं खुर्चीच्या पायांपाशी होतं. पंधरा मिनिटं गेली. अकराच्या आत सगळं आवरायचं म्हणून मी घाईत होतो. बुडबुडा मध्यावर आला, मी वायर जोडली, उठून बसलो आणि शून्याचं बटण दाबलं.

०.०

मी भिंतीला टेकून फरशीवर बसलो. दहा वाजून पाच मिनिटांनी पेअरचा गुलाब झाला. काट्यावर शून्य. वाऱ्याची झुळूक आली तरी त्या काट्याचा शेवटचा आकडा हलतो, पण तो हलला नाही. मला हायसं वाटलं. मी मोठ्याने "शून्य" म्हणालो, आणि एकटा असूनही हसलो. मनात वाटलं की आता तिला सांगता येईल. नुसती हवा आहे, तू खुशाल बस.

दहा वीसला शेजारच्या फ्लॅटचं दार आपटलं.

काट्याचा आकडा पळाला. एकदा थरथरला आणि थांबला.

उणे ५१.४

मी आकड्याकडे बघत राहिलो. काटा बिघडला, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार यायला किती वेळ लागला ते मी लिहून ठेवलेलं नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: शून्य करण्याआधी वर काय आहे ते बघ. काट्यावर काही असताना बटण दाबलं तर काटा त्यालाच शून्य समजतो. मग ते उचललं की जेवढं त्याचं वजन, तेवढं उणे दाखवतो.

मी काट्याचे पाय फिरवत पालथा पडलो होतो तेव्हाच ते येऊन बसलं होतं. माझ्या डोक्याच्या वर.

आणि आत्ता उठलं होतं.

खुर्ची रिकामी होती. खोलीत मी होतो. गुलाब खुर्चीपाशी उरला नव्हता. तो माझ्या आणि दाराच्या मधे होता, उभ्या माणसाच्या गळ्याच्या उंचीला. मी उठलो तेव्हा त्याच्यातून जावं लागलं. तिथली हवा ऊबदार होती.

७

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. सोमवारी कारखान्यात खणाचं कुलूप काढलं, बाटलीचं झाकण पकडीने उपटलं आणि सगळं सेंट मोरीत ओतलं. वर चार बादल्या पाणी.

धंद्यातला जोडीदार आला आणि दारातच थांबला. "काय शेठ, कुणाच्या लग्नाला निघालात?"

"बाटली फुटली."

"फुटली तशी दिसत नाहीये."

संध्याकाळी बायको मागच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, समोरच्या खुर्चीकडे तोंड. दिवा लावला नव्हता.

"आज नाही आला," ती म्हणाली.

मी बाटली हातून पडून फुटल्याचं सांगितलं. त्याच दुकानातून दुसरी आणलीय म्हणालो. ती मी दुपारीच आणून स्वतःला लावून बघितली होती. तिला ती हुंगायला दिली. तिने प्रयत्न केला. डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"पाणी आहे," ती म्हणाली. मग हळूच, "असू द्या. तुमचा काय दोष?"

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं, तरी मला ते वाक्य टोचलं. त्यानंतर तिने वही वाचायचं सोडलं. दोन आठवडे ती जेवायची, झोपायची, हाक मारली की 'ओ' द्यायची. मागच्या खोलीत जात नव्हती. काटा मी परत नेला होता. घराला कसलाच वास नव्हता, आणि ते माझं काम होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी मी चहाचा कप तोंडाशी नेला तर तो नुसता गरम होता.

आधी वाटलं सर्दी असेल. कारखान्यात तारांना सोल्डरिंगचा डाग देताना धूर नाकातोंडात जातो. डोळ्यांना झोंबला, नाकाला समजला नाही. मशीनचं तेल, स्पिरिट, जोडीदाराची विडी, सगळं शून्य. ताप नाही, खोकला नाही. सबंध दिवस मी एकेक वस्तू नाकाला लावून बघत होतो, आणि संध्याकाळी जिना चढताना माझ्या लक्षात आलं की आता दारात पेअर असला तरी मला कळणार नाही.

बायकोने दार उघडलं. तिचा चेहरा बघितला आणि मला विचारावं लागलं नाही.

"आला," ती म्हणाली.

८

हे मी टेबलाशी बसून लिहितो आहे. सहा वाजून गेलेत, बाहेर अजून उजेड आहे. जे होईल ते त्याच वेळी लिहायचं असा माझा नेम आहे आणि तो मोडावा असं काही कारण नाही.

आता वही मी लिहितो आणि मजकूर ती सांगते. चार दिवस असं चाललं आहे. ती ठणठणीत आहे. परवा तिने स्वतःहून वेणी घातली. काल गुणगुणत होती. मागच्या खोलीत जावं लागत नाही तिला, घरात कुठेही येतो म्हणाली. सकाळी आरशाजवळ. दुपारी जिन्याच्या दारात. कुठे आहे ते मी विचारतो आणि ती सांगते, पण सांगताना तिला गंमत वाटते. पूर्वी मी सांगायचो आणि ती डोळे मिटून बसायची. आता मी डोळे उघडे ठेवून बसतो.

सहा वाजून दहा मिनिटं. ती समोर बसली आहे. दोन्ही हात टेबलावर, एका हातात चष्मा. घरात बाटली नाही, दुसरीही मी कारखान्यात नेऊन ठेवली आहे.

माझ्या डाव्या मनगटावर गार पडलं.

दोन वर्षं रोज सकाळी मी हे अनुभवलं आहे. आधी बारीक थेंबांचा गारवा, मग तो उडून जातो. मनगट कोरडं आहे. मी ते उजेडात धरून बघितलं. ओळ सरळ राहावी म्हणून लिहिणाऱ्या उजव्या हाताच्या तळव्यानेच वही दाबून धरली आहे.

"फळ," ती म्हणाली. "लिहा. पेअर. आणि पीच आज जास्त आहे."

"कुठे?"

"लिहा तर."

लिहिलं. मला काहीच येत नव्हतं. आम्ही वाट बघत बसलो. तिने मधे एकदा विचारलं, गॅस बंद केला का, आणि मी हो म्हणालो. मागच्या खोलीचं दार इथून दिसतं. ते उघडं आहे आणि आत खिडकीजवळची खुर्ची दिसते. उन्हाचा पट्टा तिच्यावर सरळ पडला आहे, मधे काही नसल्यासारखा.

सहा तीस.

ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि माझ्या बाजूला वाकली. तिने डोळे मिटले होते. कारखान्यात असताना ती अशी वाकायची, मी एकदा तिला न्यायला गेलो होतो तेव्हा काचेतून पाहिलं होतं. सगळं जग बाजूला ठेवून एका वडीवर वाकलेली. तो चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"फूल," ती म्हणाली. "काय सुंदर उमललंय हो."

"कागदावर?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. "की शर्टावर?"

"वीस मिनिटांत? कागदावर?" ती हसली. "एवढं शिकवलं ते वाया घालवलंत. अंग लागतं त्याला."

"कुणाचं?"

तिने माझं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि नाकाशी नेलं. नळ इथून सात पावलांवर आहे. ओट्यावर साबणाची वडी आहे, तिच्याच कारखान्याची. मी उठू शकतो. माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं आहे, आणि तिचे दोन्ही हात माझ्या मनगटावर आहेत. जे टेकलं आहे ते जड आहे. किती असेल ते मला साधारण सांगता येईल.

तिने इतका मोठा श्वास घेतला की तिचे खांदे वर गेले. मी हललो नाही. हललो असतो तर तिचा तो श्वास तुटला असता.

"तळापर्यंत थांबायचं का?" मी विचारलं. "शेवटचा रकाना भरायचा राहिलाय. किती तास लिहू?"

"तास नका लिहू आता," ती माझ्या मनगटावर वाकलेलीच म्हणाली.

मग काय लिहायचं ते तिने सांगितलं, आणि मी उजव्या हाताने, नेहमीच्या अक्षरात लिहिलं.

वास: इथे.